चार बाय शंभर

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवं बसून कोणी जुन्या टूथब्रशने चाक घासत असेल, तर हा तोच. स्वतःचे दात अर्ध्या मिनिटात उरकणारा हा गृहस्थ एका चाकाला पाऊण तास देतो. ब्रेकची काळी पूड आऱ्यांच्या बेचक्यात बसते, ती कापडाने निघत नाही म्हणे.

गाडी २०१२ची होंडा सिटी. इंजिन उत्तम, एसी गार, हप्ते फिटलेले. पण कंपनीची पंधरा इंची चाकं त्याला बशीसारखी दिसायला लागली आणि नाना पेठेत खेपा सुरू झाल्या. तिथे अलॉय चाकाला अजूनही मॅगव्हील म्हणतात. मॅग्नेशियम नावापुरतं, आत सगळं अ‍ॅल्युमिनियम.

चाक जमवणं म्हणजे पत्रिका जुळवणं. पहिला गुण पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. सिटीला चार नट, शंभर मिलिमीटर. म्हणून ‘चार बाय शंभर’. एका मित्राने सिव्हिकची सुंदर चाकं स्वस्तात देऊ केली, पण तिला नट पाच आणि व्यास ११४.३. घराणं एक, तरी सोयरीक होईना. शेवटी सतरा इंची जोड मिळाली, पीसीडी जुळला, आणि हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. एकनाड! सिटीच्या हबचा व्यास ५६.१ मिलिमीटर, आणि बाजारातल्या चाकांचं मधलं भोक कुठल्याही गाडीला बसावं म्हणून ऐसपैस. ती फट भरायला बांगडीएवढी प्लॅस्टिकची रिंग लागते. ती बसवली तेव्हा थरथर थांबली. तोवर तीन वेळा बॅलन्सिंग करून झालं होतं.

टायरचा हिशेब त्याने वीजबिलाच्या पाठीवर केलाय. मूळचा १७५/६५ आर १५, उंची ६०८ मिलिमीटर; नवा २०५/४५ आर १७, उंची ६१६. फरक जेमतेम सव्वा टक्का, म्हणजे स्पीडोमीटर फार खोटं बोलत नाही. हे गणित तो लग्नाच्या पंगतीतही समजावतो. मात्र टायरची भिंत ११४वरून ९२वर आली, हे तो खालच्या आवाजात सांगतो. खड्डा आणि कंबर यांच्यात मध्यस्थी करणारी ती बावीस मिलिमीटर गेली. आता सिंहगड रोडवर तो अशी वळणं घेत जातो की मागचा रिक्षावाला आधी हॉर्न मारतो, मग ओव्हरटेक करताना वाकून चेहरा बघतो.

कायदाही पाठ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही तो स्वतःच काढतो. मग म्हणतो, “पण वरच्या मॉडेलला कंपनीच अलॉय देते की!” मॉडेल वरचं असो, इंच वेगळे असतात, हे वडिलांनी एकदा सुचवून पाहिलं. तेव्हापासून दोघं गाडीत क्रिकेटवर बोलतात.

जुनी चारही चाकं माळ्यावर आहेत, चादरीत गुंडाळून. गाडी विकताना लागतील, असं त्याचं म्हणणं. दर दिवाळीच्या साफसफाईला ती खाली उतरतात, आई त्यांच्यावर दोन शब्द टाकते आणि ती पुन्हा वर जातात.

पाचवं मात्र डिकीतच राहिलं. मेव्हण्याच्या लग्नाला साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या अलीकडे डावं पुढचं टायर फुटलं आणि स्टेपनी बाहेर आली: काळी, लोखंडी, पंधरा इंची. तीन चकचकीत मॅगव्हीलच्या पंगतीत ती जेवायला बसली. कार्यालयाच्या आवारात जागा मुबलक होती. तरी यजमानांना वरातीसाठी थांबवून त्याने पंधरा मिनिटं गाडी मागेपुढे केली आणि डावी बाजू भिंतीला इतकी चिकटवली की बायकोला ड्रायव्हरच्या सीटवरून, पैठणी सावरत, उतरावं लागलं.