मुकादमाची वही

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या बीड जिल्ह्यातील मजूर कारखान्याशी थेट बोलत नाही. मध्ये मुकादम असतो, उचल तोच देतो, टोळी तोच नेतो आणि त्याच्या वहीत काय मांडले आहे हे विचारण्याचा उद्धटपणा सहसा कोणी करीत नाही. हाच सनातन रिवाज संगणकाच्या पेटीतही यथासांग पाळला जातो, हे पाहून आम्हांस परम संतोष झाला. ग्राफिक्स कार्ड हा मजूर, लिनक्सचा कर्नल हा कारखाना आणि दोहोंमधला मुकादम म्हणजे ड्रायव्हर.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या कारखान्याचे सारे दफ्तर कोणासही पाहावयास मोकळे आहे. परंतु एनव्हिडिया कंपनीने आपल्या मुकादमाची वही वर्षानुवर्षे कुलपात ठेवली. या कंपनीची एक कचेरी पुण्यातच असल्यामुळे, हे सारे परकीयांचे कारस्थान आहे असे म्हणून हात झटकण्याचीही सोय उरलेली नाही. काही परोपकारी मंडळींनी कार्डाच्या वर्तनावरून अनुमान बांधीत ‘नूव्हो’ नावाचा बिनपगारी मुकादम उभा केला व २०१० च्या कर्नलात तो रुजूही झाला. पण पुढे २०१४ च्या सुमारास निघालेली कार्डे कंपनीच्या सहीशिक्क्याच्या फर्मवेअरवाचून वेग वाढवीनात, आणि बिचारा नूव्हो नामधारी राहिला.

म्हणून खाविंदांच्या मुकादमास पाचारण करावयाचे, तर प्रथम नूव्होस काळ्या यादीत टाकावे, कर्नलच्या हेडर फाइली हजर कराव्यात, मॉड्यूल बांधावे (परळीस वीज निर्माण होत असली तरी ती तेवढा वेळ आपल्या गल्लीत राहील अशी आशा बाळगावी), आणि सिक्युअर बूट चालू असल्यास पुढील आरंभी येणाऱ्या निळ्या पडद्यावर आपणच ठरविलेला पासवर्ड भरून मॉड्यूलची मोहोर दाखल करून घ्यावी. अन्यथा अर्ज नामंजूर. इतके सोपस्कार पार पडताच कर्नल स्वतःच्याच दफ्तरी आपण ‘कलंकित’ झाल्याची नोंद करतो, आणि अशा कलंकिताची तक्रार कर्नलचे कारभारी बहुधा ऐकूनही घेत नाहीत. पुढे कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधणे प्राप्त. ते काम आपोआप करणारा कारकून नेमता येतो, परंतु हेडर गैरहजर असतील तर तोही हात वर करतो आणि मालक काळ्या पडद्यासमोर चिंतन करीत बसतो.

२०१२ साली फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या सभेत टोरवाल्ड्स यांनी या कंपनीस उद्देशून हाताचे मधले बोट भरसभेत दाखविले. तो अभिप्राय कोणत्याही सभ्य दफ्तरात नोंदविता येण्याजोगा नाही. दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, कंपनीने वहीतील कर्नलपुरती पाने खुली केली. तीही नव्या पिढीच्या कार्डांपुरती, आणि हिशेबाचा उरलेला भाग अद्याप बंदच आहे. औदार्य म्हणतात ते हेच.

पैसा आपला, पेटी आपली, वीजबिल आपले आणि वही मात्र मुकादमाची, अशा व्यवहारात गिऱ्हाईक मालक नसतो, तो अर्जदार असतो. यास्तव वाचकांस आमची विनंती एवढीच की, कार्ड घेण्यापूर्वी त्याची किंमत व पंख्यांची संख्या यांच्या आधी ड्रायव्हर कर्नलात उघडपणे नांदतो काय ते विचारावे. आणि बंद वहीचे कार्ड घेऊन चुकलाच असाल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल स्वहस्ते न चढविता आपल्या लिनक्सच्या भांडारातूनच ड्रायव्हर घ्यावा.