सरांचं नेटवर्क

सुरतेत लोचो न खाणारा माणूस एक वेळ सापडेल. पण सरांकडून ऑक्सिंडेन या जुन्या इंग्रज साहेबाची गोष्ट न ऐकता सुटलेला सापडायचा नाही. सर मूळचे खानदेशी. वडील सुरतेच्या लिंबायतला, पॉवरलूमवर. मुलगा शिकला आणि जन्मभर पाद्र्यांच्या मागे लागला. बाटायला नव्हे, इतिहास लिहायला, हे शेजाऱ्यांना पटायला दहा वर्षं गेली.

लोचोची प्लेट पुढ्यात आली, की सर तेलकट बोटाने टेबलावर जग मांडतात. चटणी म्हणजे इस्फहान. तिथल्या न्यू जुल्फातून आर्मेनियन व्यापारी सुरतेला आले. शेवेचा ढीग म्हणजे रोम. कांदा लंडन, तिथली मिशनरी सोसायटी १८१५ साली इथे पोचली. मागाहून आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन आले, त्यांची जागा मिरची घेते. १६६४ ला शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन पाद्री आंब्रोजच्या घराला धक्का लावू दिला नाही, असं फ्रेंच प्रवासी बर्निएने लिहून ठेवलंय, हे सांगेपर्यंत लोचो गार. मग सर रोमसकट सगळं खातात आणि पैसे आपण देतो.

कुणी गेलं म्हणून सर हळहळले, तर आधी साल विचारावं. "फान रीड फार लवकर गेला हो!" म्हणजे १६९१ साली. मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड करवून घेणारा हा डच साहेब सुरतेच्या मातीत आहे.

गेल्या वैशाखात नंदुरबारला भाच्याचं लग्न. गाडीची वेळ झाली, सर गायब, फोन घरीच. वहिनींनी रिक्षावाल्या मावसभावाला फोन लावला, त्याने धुळ्याच्या पानवाल्याला, त्याने कतारगाम दरवाजाजवळच्या चहावाल्याला. पंधराव्या मिनिटाला सर ऑक्सिंडेन बंधूंच्या थडग्यावरच्या घुमटाखाली सापडले, टेप धरून.

वहिनी कडाडल्या, "जिवंत माणसांकडंही बघा कधी!"

सरांनी वही काढली. "अगं, जुल्फाचे व्यापारी अस्संच करायचे! नातं, भरवसा, निरोप. परत सांग, आधी कुणाला फोन केलास?"

गाडी चुकली. पुस्तक अजून छापून आलेलं नाही. पण चौथ्या प्रकरणाच्या तळटीपेत वहिनींचं नाव आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.