पितरं, पार्सल आणि पिनकोड

आमच्या कर्जतला खरेदीचा मुहूर्त पूर्वी भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धी बलिप्रतिपदा. बाकीचं वर्ष दुकानदाराच्या वहीत जायचं : ज्वारी निघाली की देतो, उसाचं बिल आलं की देतो. आषाढात गोदड महाराजांचा रथ निघाला की बायका बांगड्या भरायच्या, पोरं पिपाण्या फुंकायची. सूट म्हणजे शेठजींनी लुगड्यावर फुकट दिलेली कापडी पिशवी.

मग सेल आले. २००६ साली बिग बझारनं २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ काढला आणि प्रजासत्ताकाला सवलत चिकटली. अमेरिकेत तर फिलाडेल्फियाचे पोलीस गर्दीला वैतागून ज्या दिवसाला ब्लॅक फ्रायडे म्हणायचे, तोच दुकानदारांनी शुभ करून टाकला. फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ ६ ऑक्टोबर २०१४ चा. दसरा उलटून तीन दिवस झाले होते, म्हणजे पितरांना त्रास नव्हता. पुढे भीड चेपली. २०२३ चा सेल ८ ऑक्टोबरला, २०२४ चा २७ सप्टेंबरला. दोन्ही ऐन पितृपंधरवड्यात! त्या मानानं सरकार सोवळ्यातलं. २०२५ ची जीएसटी कपात त्यांनी बरोबर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू केली.

आमच्या आईचा नियम साधा : पितरं आलेली असताना घरात नवं फडकंसुद्धा यायचं नाही. मी २०२४ च्या सेलात मिक्सर मागवला, तोही चोरून. सकाळी पत्र्यावर कावळ्याला घास ठेवायचा आणि दुपारी डिलिव्हरीवाल्या पोराची वाट बघायची. कावळा आला. पोरगं आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप : ‘आपले पार्सल कर्जतला पोहोचले आहे.’ मी वेशीपर्यंत जाऊन आलो. पोहोचलं होतं, पण रायगडच्या कर्जतला. आमचा पिनकोड ४१४४०२, त्यांचा ४१०२०१. मी बिनचूक घातला होता. पण कंपनीच्या लेखी कर्जत एकच, आणि तिथं लोकल जाते. त्यात आमच्या जिल्ह्याचं नाव बदलू घातलेलं, त्यामुळं फोनवरच्या बाईंना मी निम्मा वेळ अहमदनगर म्हणजेच अहिल्यानगर हे पटवत होतो.

मिक्सर घाट चढून ४ ऑक्टोबरला आला. घट बसून एक दिवस झालेला. आईनं खोक्याला हळदकुंकू वाहिलं. “बघ, देवीनंच अडवून धरला. नाहीतर पितृपक्षातच आला असता.” ऑर्डरची तारीख मी सांगितली नाही.

दिवाळीच्या चकलीची डाळ दळताना त्यातून धूर निघाला. गल्लीतल्या दुकानदारानं नुसतं खोकं बघितलं आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळला. त्याचंही बरोबरच होतं. मग कंपनीला फोन लावला.

“काही काळजी करू नका सर,” बाई म्हणाल्या, “आमचं दुरुस्ती केंद्र कर्जतमध्येच आहे. रेल्वे स्टेशनला लागून.”