दऱ्या, दर्या आणि शिफ्ट-जे

मराठीतली बहुतेक अक्षरे संगणकावर निमूटपणे उमटतात. आडमुठी अक्षरे मोजकीच आहेत. पण ती नेमकी लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येतात, म्हणजे जिथे चूक झाकता येत नाही अशाच जागी. त्यांत अग्रपूजेचा मान अर्ध्या ऱ चा. 'दऱ्या' लिहिताना य च्या डाव्या अंगाला चिकटते ती चिमुकली कोर म्हणजे हाच. ती न सापडल्यास टंकलेखक रफार देऊन मोकळा होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. मग मंगल कार्यालयाच्या भिंतीवर 'आचार्यांनी तंबाखू खाऊन मोरीत थुंकू नये' अशी सूचना लागते, आणि शंकराचार्यांपासून अत्र्यांपर्यंत सगळ्यांवर बालंट येते.

वस्तुतः या कोरीची सोय फार जुनी आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. पुढे तो १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आला. त्याची मांडणी सरकारी कामाच्या मानाने आश्चर्यकारकरीत्या समंजस आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. के दाबले की क, शिफ्टसह के दाबले की ख. जे या कळीवर र आहे आणि शिफ्ट-जेवर ऱ. हलन्त डीवर, य तिरक्या रेघेच्या कळीवर. त्यामुळे ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ आणि ई या क्रमाने 'दऱ्या' होते, आणि त्यातला शिफ्ट विसरला की 'दर्या'. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यातले अंतर कळफलकावर एका शिफ्टचे आहे.

गंमत अशी की युनिकोडच्या तक्त्यात ऱ ची नोंद द्राविडी भाषांतला एक र-उच्चार लिहिण्यासाठीचे अक्षर म्हणून आहे. अर्धे झाल्यावर ते 'पापणीचा र' होते, एवढी पुस्ती तिथे जोडलेली आहे. म्हणजे मराठी माणूस आपल्या दऱ्याखोऱ्या दक्षिणेच्या कोट्यातून लिहितो. याबद्दल अजून कोणी मोर्चा काढलेला नाही.

दुसरी वाटही आहे: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि मग य. हा जोडक दिसत नाही, जागा व्यापत नाही, पण काम करतो; कचेरीत असा माणूस मिळणे कठीण. वर्डमध्ये २००डी हा त्याचा क्रमांक इंग्रजी अंकाक्षरांत लिहून ऑल्ट-एक्स दाबले की तो अवतरतो, अर्थात न दिसता. दोन्ही वाटांनी आलेली कोर डोळ्यांना सारखीच दिसते. शोध घेताना मात्र एक टाइप केली तर दुसरी सापडेलच असे नाही.

ॲ चे दुखणे याहून चिवट. मूळ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-१ वर ऍ आहे, म्हणजे ए च्या डोक्यावर चंद्र. मराठीला चंद्र हवा अ च्या डोक्यावर. युनिकोडने तो ०९७२ या क्रमांकावर दिला २००८ साली, पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या पुरवणीत. तोवर वकील, ॲसिडिटी आणि ॲल्युमिनियमची भांडी यांना थांबवून ठेवणे शक्य नव्हते. म्हणून शिफ्ट-डीने अ आणि शिफ्ट-२ ने चंद्र अशी जोडणी रूढ झाली, आणि ती आजही सर्रास चालते. छापल्यावर दोन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती एकाच वाड्यात राहून अबोला धरलेल्या जावांसारखी आहेत: एकीला हाक मारली तर दुसरी ओ देत नाही. नावांची यादी नुसत्या क्रमांकांवर लावली तर जोडणीवाले 'ॲड.' अ च्या घरात वरच राहतात आणि ०९७२ वाले 'ॲड.' ह च्याही खाली जातात. ज्येष्ठतेवरून बार रूममध्ये जे वाद होतात त्यांत ही भर नको असेल, तर अक्षरानंतर ऑल्ट-एक्स दाबून क्रमांक तपासावा आणि सगळीकडे ०९७२ करून टाकावे.

वाङ्मयातला ङ शिफ्ट-यूवर, ह च्या घरी राहतो. त्याला फारसे कोणी भेटायला जात नाही. त्याच्याऐवजी ड ला पाय मोडून बसवतात आणि 'वाड्मय' विषयावर चर्चासत्रे पार पडतात. क्ष, ज्ञ, त्र, श्र ही मंडळी वरच्या ओळीत अनुक्रमे शिफ्टसह ७, ५, ६ आणि ८ वर आहेत. त्यांची तक्रार नाही.

क्रमांकाने अक्षर काढण्याची विद्या प्रत्येक संपादकाची वेगळी. व्हिममध्ये कंट्रोल-व्ही, यू आणि ०९७२. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, ८, एंटर आणि मग क्रमांक. ईमॅक्सवाल्यांना हेही सोपे वाटते. लिनक्सवरच्या बऱ्याच खिडक्यांत कंट्रोल-शिफ्ट-यू चालते.

एवढे पाठांतर ज्यांना झेपणार नाही त्यांनी वर्डच्या स्वयंदुरुस्तीत 'दर्याखोर्या' च्या जागी 'दऱ्याखोऱ्या' अशी नोंद करून ठेवावी, म्हणजे निदान तो शब्द आपोआप सुधारेल. सुटा 'दर्या' मात्र त्या यादीत घालू नये. नाहीतर अख्खा कोळीवाडा होड्यांसकट दरीत उतरेल.