टोकन घ्या, पण आधी मूल बघा

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२२मध्ये एक चांगली सोय सुरू झाली. केसपेपरच्या रांगेत ताटकळण्याऐवजी मोबाइलने क्यूआर कोड स्कॅन करायचा. नाव-पत्ता आपोआप खिडकीवर पोचतो आणि टोकन मिळतं. पुढे ही सोय देशभर गेली. लोकांचा वेळ वाचला, हे मान्यच. पण टोकनवरचा नंबर ठरतो तो आधी कोण आलं यावरून. मूल किती आजारी आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.

याच महाविद्यालयाला जोडलेलं कलावती सरन बाल रुग्णालय १९५६ सालचं. अशा मोठ्या सरकारी बाल रुग्णालयात दिल्लीची मुलं येतात, तशी लोणी, गाझियाबाद, फरिदाबादचीही येतात. इमर्जन्सीत पोचलेल्या मुलाकडे डॉक्टर धावतात, त्याबद्दल वाद नाही. मला घोर लागतो तो ओपीडीच्या रांगेतल्या मुलाचा. सकाळपासून किरकिरणारं बाळ गप्प झालं की आईला हायसं वाटतं. पण रडायला बळ उरलं नाही म्हणूनही बाळ गप्प होतं. अंगावरचं दुपटं बाजूला केलं तर श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत खेचला जाताना दिसेल. दुपटं बाजूला करायचं कोणी?

आफ्रिकेतल्या मलावीने याचं उत्तर केव्हाच शोधलं. ब्लँटायरच्या सरकारी रुग्णालयात मुलं दारात आल्या आल्या त्यांची वर्गवारी सुरू केली, तपासणीची जागा नव्याने मांडली, कर्मचाऱ्यांना शिकवलं. दाखल मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी १० ते १८ टक्के होतं, ते ६ ते ८ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात जगापुढे ठेवली. श्वास अडतोय का, हातपाय गार पडलेत का, मूल बेशुद्ध आहे का, झटके येतायत का, जुलाबाने डोळे खोल गेलेत का, हे आधी बघायचं. नख दाबून सोडलं आणि रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, तर रक्ताभिसरण बिघडल्याची शंका घ्यायची. ही पहिली चाळणी दारावरचा रखवालदार आणि खिडकीवरचा कारकूनही शिकू शकतो, असं ती पुस्तिकाच सांगते. मग आपल्याकडचा रखवालदार फक्त रांग सरळ करायला का उभा आहे?

मराठी माणसाला तर हे नवलाईचं वाटायलाच नको. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईच्या हाती श्वास मोजायचं साधन दिलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया समजून उपचार करायचे. वीज नको, इंटरनेट नको. आता तेच काम मोबाइल करू शकतो. युगांडा आणि केनियाच्या रुग्णालयांत ‘स्मार्ट ट्रायज’ नावाचं अ‍ॅप वापरून बघितलं गेलं. परिचारिका बोटाला ऑक्सिमीटर लावते, मोजकी लक्षणं टिपते आणि कोणत्या मुलाला आधी घ्यायचं ते पडद्यावर दिसतं.

अ‍ॅप आलं की काम झालं, असं मात्र कोणी समजू नये. जून २०२०मध्ये दिल्ली सरकारने रिकाम्या खाटा दाखवणारं ‘दिल्ली कोरोना’ अ‍ॅप काढलं. पडद्यावर खाट रिकामी आणि रुग्णालयात गेल्यावर नकार, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. पडद्यावर लाल खूण उमटली आणि ऑक्सिजन लावायला माणूसच नसला, तर त्या खुणेचा काय उपयोग? ऑक्सिमीटरचा मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला नीट बसत नाही, आकडाही चुकतो. मुलांच्या मापाचा प्रोब हवा, तो लावायला शिकलेली परिचारिका हवी आणि ‘हे मूल आत न्या’ म्हणण्याचा तिला अधिकार हवा. हे तिन्ही द्यायचे नसतील, तर अ‍ॅपवर पैसे घालू नका.

टोकनची यंत्रणा तयार आहे. मुलांच्या टोकनआधी चार प्रश्न विचारायला लावा: दूध-पाणी घेतंय का, सगळं उलटून पडतंय का, झटके आलेत का, मूल नेहमीपेक्षा सुस्त आहे का? एकाही उत्तरात धोका दिसला, तर नंबर छापूच नका, परिचारिकेला बोलवा. रुग्णालयात दगावणाऱ्यांपैकी कितीतरी मुलं दाखल झाल्यावर पहिल्या चोवीस तासांतच जातात. त्यांच्या बाबतीत रांगेतला तास परवडणारा नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आईबापांना माझं सांगणं एवढंच: या चारपैकी एकही लक्षण दिसलं किंवा श्वास घेताना छाती आत जाताना दिसली, तर नंबराची वाट बघू नका. भीड न धरता मूल थेट इमर्जन्सीत न्या.