आधी सत्कार, मग सिनेमा

महोत्सवाच्या पत्रिकेवर ‘चित्रपट आणि लाइव्ह संगीत, एकाच दिवशी’ असे छापले की आयोजकांच्या चेहऱ्यावर शोध लावल्याचे तेज चढते. हा शोध शंभर वर्षांहून जुना आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच तिकिटात नाच होता आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळही. पुढे मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असे. कुणी त्याला ‘फ्यूजन’ म्हटले नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याला तर याचे अप्रूप वाटायलाच नको. जत्रेत तंबूतला सिनेमा, शेजारी तमाशाचा फड. गळ्यात ओळखपत्र न अडकवता दोन्हीकडे जाता येई.

आता आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग मनोगते. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना केलेला ‘पिस्तुल्या’ जेमतेम पंधरा मिनिटांचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेवढ्या वेळात आपल्याकडे व्यासपीठावरची नावेही वाचून होत नाहीत.

श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला. चित्रीकरणाच्या जागीच टिपलेल्या आवाजासाठीही त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच जिल्ह्यात सभागृहातला आवाज मात्र ‘हॅलो, माईक चेक’पाशीच अडतो.

आयोजकांना एवढीच विनंती: सिनेमा वेळेवर लावा, गाणी मनसोक्त होऊ द्या आणि सत्कार प्रेक्षक घरी गेल्यावर उरकून घ्या.