दहा बाय बाराचं संस्थान

पाऊस उघडला, सोयाबीनच्या शेंगा वाजायला लागल्या आणि पार्सलवाल्या पोराच्या खेपा वाढल्या, की बुलढाण्याजवळच्या देऊळघाटात एक विशिष्ट जोडपं दिसू लागतं. ते एका जागी कधीच दिसत नाही, हीच त्याची ओळख. शनिवारी रात्री पलंगावर स्टूल, स्टुलावर तो आणि खालून ‘जरा डावीकडं’ म्हणणारी ती, असं त्याचं चित्र असतं. रविवारी सकाळी त्याच स्टुलावर चहाचा कप ठेवून घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘गेले दोघं.’ लग्नाला अजून दोन दिवाळ्या झालेल्या नसतात. तो बुलढाण्याला पतसंस्थेत किंवा मेडिकलवर. ती शाळेत, दवाखान्यात, नाहीतर एखाद्या परीक्षेच्या निकालाची वाट पाहत. भिंतीवर झाडाचं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्या झाडाबरोबर बारा पक्षी येतात, अकरा बसतात आणि एक उरतो. तो फ्रिजच्या दारावर एकटा उडत राहतो. आरशाभोवती दिव्यांची माळ असते. खिडकीत मनी प्लांट असतं, आणि ते ज्या बाटलीत आहे ती सरबताची आहे, हे येणाऱ्याला न विचारता सांगितलं जातं.

या जोडप्याकडे गाव दोन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून पाहतं. एक, यांना घर सजवायचं खूळ आहे. दोन, यांचा पाय घरात ठरत नाही. मग तिसरी तक्रार आपोआप निघते: घरात राहायचंच नाही तर सजवता कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. माझं म्हणणं असं, की इथे दोन शौक पाहणाऱ्यांची नजर चुकते. खोली रंगवणं आणि गाडीला किक मारणं हे एकाच कामाचे दोन हप्ते आहेत. काम म्हणजे भरल्या घरात दोघांपुरती जागा मिळवणं, आणि तीही कोणाशी न भांडता.

जागेचा हिशेब मांडला की हे पटेल. अशा घरात ओसरी मामाजींची म्हणजे सासऱ्यांची, स्वयंपाकघर आत्याबाईंचं म्हणजे सासूबाईंचं, माजघर टीव्हीचं आणि नणंदेच्या अभ्यासाचं, अंगण शेळीचं आणि पोत्यांचं. गच्चीवर मोबाईलला रेंज येते, म्हणून ती धाकट्या दिराची. उरते ती दहा बाय बाराची खोली. एकशेवीस चौरस फुटांतले चाळीस पलंगाने खाल्लेले. लग्नात आलेलं कपाट, गव्हाची कोठी आणि पाहुण्यांच्या गाद्यांची चवड मिळून आणखी पंचवीस. राहिलेल्या पंचावन्न फुटांत दारही आतल्या बाजूला उघडतं. शिवाय कोठी आत असल्यामुळे दळणाच्या दिवशी कोणीही, कधीही, सकारण आत येऊ शकतं. ‘तुमची कोठी बाहेर काढा’ असं नव्या सुनेने म्हणायचं म्हणजे महाभारत. पण ‘रंग द्यायचाय, चार दिवस बाहेर ठेवू या का?’ असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? कोठी निघते. रंग वाळतो, चार दिवस होतात, आठ होतात, कोठीच्या जागी वेताची खुर्ची येते आणि कोठी जिन्याखाली कायमची मुक्कामाला जाते. खोलीवर हक्क सांगायला सात-बारा लागत नाही, वीस लिटरची बादली पुरते. रंगवलेल्या खोलीत माणूस आपसूक खाकरून आणि चपला बाहेर काढून येतो. शिवाय ज्या घरात पुरुषाने कप विसळला तर आजी कपाळाला हात लावते, त्याच घरात ब्रश घेऊन स्टुलावर चढलेला नातू कर्तबगार ठरतो. घरकामातलं हे एकच काम त्याला चारचौघांत बायकोबरोबर करता येतं.

आता दुसरा हप्ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. निकाल थोर आहे, पण एकत्र कुटुंबात त्याची अंमलबजावणी कोण करणार? ती करतं मोटार वाहन कायद्याचं, १९८८ सालचं, कलम १२८. दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागे एकाहून जास्त माणूस बसवता येत नाही, असं ते म्हणतं. मोटारसायकलची सीट ही घरातली एकमेव जागा, जिथे तिसरा आला तर पोलीस पावती फाडतो. ‘धाकटीलाही घेऊन जा’ या मायाळू सूचनेपुढे मुलगा हतबल चेहरा करतो आणि कायद्याचं नाव सांगतो. अशा जोडप्यातला तरुण त्या दिवशी जितका कायदा पाळतो तितका एरवी पाळत नाही.

हे सगळं शरदातच का? पहिलं कारण भिंतीचं. पावसाळाभर ती ओल पिऊन बसलेली असते. त्या भिंतीवर रंग दिला की दिवाळीआधी पोपडे. म्हणून मशिदीजवळची गल्ली असो की देवळाजवळची आळी, रंगाऱ्याचा हंगाम सगळ्यांचा एकच: पाऊस गेल्यावर. दुसरं कारण पैशाचं. सोयाबीन घरात येतं ते याच दिवसांत. २०२५-२६ साठी त्याचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला, पण खरेदी केंद्रावर दाण्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. थोडक्यात, भिंत वाळली पाहिजे आणि सोयाबीनही वाळलं पाहिजे, तेव्हा कुठे खोली गुलाबी होते. तिसरं कारण रस्त्याचं. चिखल सुकलेला, पैनगंगेला पाणी, बांधावर हिरवळ आणि ऊन अजून सहन होण्याजोगं, असे हे मोजके आठवडे. उन्हाळ्यात मोटारसायकलची सीट दोघांना एकत्र आणत नाही, भाजून काढते.

‘आमच्या वेळी असले थेर नव्हते’ असं म्हणणाऱ्यांनी दसऱ्याकडे नीट पाहावं. सकाळी दाराला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण; संध्याकाळी गावाची शीव ओलांडून सीमोल्लंघन, आणि येताना आपट्याची पानं. घर सजवा आणि घराबाहेर पडा, हे दोन्ही एकाच दिवशी सांगणारा सण आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. राजे त्या मुहूर्तावर मोहिमेला निघत, हे जोडपं रविवारी निघतं. नव्या जोडप्याने देवदर्शन करून यावं हा नियमही जुनाच. कुलदैवत सहसा घरापासून चांगलं लांब असतं, यात देवाची सोय पाहिली की जोडप्याची, हे ठरवणं कठीण आहे. दिवाळसणाचंही तसंच. जावयाला अंगठी मिळते हे सगळे लक्षात ठेवतात. पण मुलीला सासरच्या धबडग्यातून चार दिवस मोकळीक मिळते आणि नवऱ्याशी निवांत बोलता येतं, हे त्या सणाचं खरं देणं. आपल्या पूर्वजांना एकांताची गरज कळत होती, फक्त ती उघड मान्य करण्याची पद्धत नव्हती. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचल्या तर दिसतं, की न्यायमूर्ती रानड्यांसारखा नवरा असूनही त्याच्याकडून चार अक्षरं शिकण्यासाठी बाईला घरातल्या बायकांचा केवढा राग सोसावा लागला. नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावं, याला तेव्हाही काहीतरी सबब लागे. आज ती रंगाच्या डब्यात मिळते, एवढाच फरक.

सबब म्हणून जी ठिकाणं निवडली जातात, तीही पाहण्यासारखी आहेत. देऊळघाट घाटावरचं गाव. सकाळी निघून सांजवातीला परत यावं अशी ठिकाणं त्याच्या चहूकडे आहेत. पहिला मान शेगावचा. १८७८ साली गजानन महाराज तिथे प्रकटले असं भाविक मानतात. नवं जोडपं दर्शन घेतं, कचोरी खातं आणि रांगेत उभं राहून काढलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतं. दुसरा मान लोणारचा. तिथला फोटो स्टेटसला जातो, पण ‘आत्याबाई सोडून’ अशी सोय करून. उल्केच्या धडकेने झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद असं ते विवर. त्यातलं तळं २०२० च्या जूनमध्ये अचानक गुलाबी झालं. शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांवर ठपका ठेवला. त्याच नोव्हेंबरात तळ्याला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. घरातली भिंत गुलाबी झाली तर इतकी चौकशी होत नाही. सूक्ष्मजीव कोण, हे आधीच ठरलेलं असतं.

तिसरं ठिकाण अजिंठा, आणि माझ्या मते या जोडप्याचं खरं तीर्थ तेच. सोमवारी लेणी बंद, म्हणजे रविवार हा बरोबर आदला दिवस. सजवलेल्या भिंती पाहायला दुनिया तिथे येते. माती, शेण आणि तूस कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. पुट्टी आणि प्रायमर यांची वंशावळ इथपर्यंत नेता येते. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची कथा रंगवलेली आहे. राजवाडा, खांब, दागिने, नर्तिका, सगळा थाट. राणी सिवली राजाला रमवायला पाहते आणि राजा तरीही घोड्यावर बसून निघतो. इतकं देखणं घर रंगवून त्यात गोष्ट सांगितली ती घर सोडणाऱ्याची! त्या भिंतीसमोर आमचं जोडपं उभं राहतं आणि तिच्या मनात येतं, की खोलीतला पडदा याच विटकरी रंगाचा हवा होता. राजा एकटा गेला, ही त्याची चूकच. एकट्याने निघण्याचा दुसरा दाखला जवळचाच: ज्ञानगंगा अभयारण्यात, म्हणजे बोथ्याच्या जंगलात, २०१९ च्या अखेरीस एक वाघ येऊन पोचला होता. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो; गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याच्या प्रवासाची नोंद राहिली आणि ती तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. एवढं फिरूनही त्याला जोडीदारीण मिळाली नाही. त्या मानाने मागच्या सीटवर जोडीदार घेऊनच निघणाऱ्यांचं नियोजन वाघापेक्षा सरस आहे.

आक्षेप उरतात, आणि ते थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. पहिला, की ही सगळी मोबाईल पाहून केलेली नक्कल आहे. आहेच. पण तोरणाची घडण, रांगोळीचे ठिपके, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या यांतलं काय कोणी स्वतः शोधून काढलं होतं? शेजारणीच्या दारातली रांगोळी पाहून ठिपके मोजणारी बाई आणि रील थांबवून पडद्याची चुणी मोजणारी मुलगी यांत मला फरक दिसत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. रंग, माळ, स्टिकर आणि पेट्रोल मिळून जे होतं, ते या दोघांच्याच लग्नात वाजंत्री आणि मंडपावर गेलेल्या रकमेशेजारी ठेवून पाहावं. तो खर्च गावाने पाहावा म्हणून होता आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हा खर्च दोघांनी एकमेकांकडे पाहावं म्हणून आहे, तर तो उधळपट्टी ठरतो.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे. शेतात सोयाबीनची सोंगणी पडलेली, मजूर मिळत नाहीत, परतीचा पाऊस क्षितिजावर, आणि अशा दिवशी घरातले दोन धडधाकट हात लोणारला फोटो काढतायत. याला माझ्याकडे उत्तर नाही. सुडी, म्हणजे सोंगलेल्या सोयाबीनचा ढीग, भिजली तर वर्षाचं गणित भिजतं, आणि खोलीचा रंगही शेवटी त्याच सुडीतून निघालेला असतो. एवढंच म्हणता येईल, की या जोडप्यातले शहाणे हे जाणतात: शनिवारी स्टिकरच्या आधी सुडीवर ताडपत्री बांधली जाते, दगड ठेवले जातात, आणि मगच रविवारची चावी हातात येते. जे हे जाणत नाहीत, त्यांना पहिल्याच सरीला मामाजींचा फोन येतो आणि सीमोल्लंघन अर्ध्या वाटेवरून माघारी वळतं. तेही योग्यच.

राहता राहिला तो जुना आक्षेप, ‘आमच्या वेळी असलं नव्हतं.’ त्याचा निकाल लावायला पुस्तकं कशाला, भिंतच पुरे. रंग देण्याआधी ती पत्र्याने खरवडावी लागते. वरचा पिवळट थर निघतो, तो थोरल्या जाऊबाईंनी बुलढाण्याला वेगळी चूल मांडण्याआधीचा. त्याखाली फिकट हिरवा. मग कमरेइतक्या उंचीवर ऑईलपेंटचा जाड पोपटी पट्टा, पत्र्याला दाद न देणारा. त्याच्याही खाली नीळ घातलेला चुना, म्हणजे आजेसासूबाईंचा काळ, आणि सगळ्यांच्या तळाशी पांढरी माती. दर थराला कधीतरी एक नवी सून होती आणि स्टुलावर चढलेला एक नवरा होता. नेमक्या त्याच दिवशी आत्याबाई दारात येऊन उभ्या राहतात आणि पोपटी पट्ट्याकडे पाहत म्हणतात, “हा रंग आम्ही मलकापूरहून आणला होता. दोघंच गेलो होतो, एसटीनं.” खोलीत पत्र्याचा आवाज थांबतो. सून काही विचारणार, तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात जाते. “थांबली कशाला, खरवड पुढं,” त्या म्हणतात. “अन् कोठी कुठं ठेवली?”